तुळजाबाईंनी नापास केलेला लॉट

तुळजाबाई पेशी मोजत असताना कोणी बोललं, तर त्या तोवरचं सगळं मोजणं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. पहिल्या भेटीत मी तीन वेळा बोललो. डाव्या हाताशी आठ कळांचं एक लहान यंत्र, उजवा हात सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर, चष्मा कपाळावर चढवलेला. दिसेल त्या पेशीप्रमाणे एकेक कळ खट्‌कन दाबायची. शंभर झाल्या की यंत्रातली घंटी वाजे, आणि मगच समोरच्या माणसाला तोंड उघडायची मुभा. तिसऱ्या वेळी मी बोललो तेव्हा त्यांनी मान वर केली.

"शिंदेराव, तुमची बायको आजारी आहे म्हणून मला ठाऊक आहे. तुमचं तोंडपण आजारी आहे म्हणून कुणी सांगटलं नाहीं."

बाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज तिकडे केव्हा गेले, हे त्यांनाही नक्की सांगता येत नसे. त्यांची मराठी आपण बोलतो तशी नव्हती. 'सगळं' म्हणायचं तिथे 'अस्कं' म्हणत, 'ठीक आहे' म्हणायचं तिथे तमिळातलं 'सेरी', आणि वाक्याचा शेवट असा वर नेत की प्रत्येक विधान प्रश्नासारखं वाटे. मी एकदा हसलो. त्यावर म्हणाल्या, "तुमची मराठी अस्की हिंदीनं भरलेली आहे. मी हसलें का?"

चेन्नईच्या मैलापुरात, देवळाच्या तळ्याजवळच्या गल्लीत, पितळी दिवे विकणाऱ्या दुकानाच्या वर त्यांची लॅब होती. एक माणूस आडवा झाला तर दुसरा जाऊ शकणार नाही असा जिना, वर स्पिरिट आणि फिल्टर कॉफीचा मिसळलेला वास. हाताखाली गोविंदन नावाचे एक साठीचे तंत्रज्ञ. मागच्या खोलीत रक्त मोजणारं मोठं यंत्र होतं, मिनिटभरात सगळे आकडे छापून देणारं. तरीही शंका आली की बाई काचेवर रक्ताचा थेंब पसरून स्वतः बघत. का, म्हणून विचारलं तर सांगत, "यंत्र मोजतंय. ओळखत नाहीं."

मी त्यांच्याकडे हौसेनं गेलो नव्हतो. कराडजवळच्या खेड्यातून बाविसाव्या वर्षी एक पत्र्याची ट्रंक घेऊन मी चेन्नईला आलो, दुसऱ्याच्या रबर कारखान्यात बारा वर्षं प्रेसवर हात भाजून घेतले, आणि मग श्रीपेरुंबुदूरच्या पुढे स्वतःची शेड टाकली. गाडीच्या पत्र्यातून वायरी जातात तिथे रबरी बूच लागतं, तसली बुचं आम्ही बनवतो. या धंद्यात भाव मिळत नाही, ओढून घ्यावा लागतो. माझा आवाज चढला की गाडी कंपन्यांचे खरेदीवाले आधी पाणी मागवतात. मी 'नाही' हे उत्तर कधी शेवटचं मानलेलं नाही, आणि त्याच जोरावर इथवर आलो.

माझी बायको मंगल. रक्तदाबानं तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास वेलचेरीच्या सेंटरवर डायलिसिस. आमची मुलगी पुण्यात असते, ती किडनी द्यायला तयार होती. मंगलनं एका वाक्यात विषय मिटवला, "पोरीच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही." मग उरलो मी. साठ वर्षांचा, रक्तगट जुळणारा. हृदय, फुप्फुसं, लघवी, साखर, सगळ्या तपासण्या पास. इस्पितळातला तरुण डॉक्टर म्हणाला, "सर, किडनी चाळिशीची वाटते." घरी येऊन ते मी मंगलला दोनदा ऐकवलं.

अडलं ते एका ओळीवर. माझ्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त निघाल्या. डॉक्टरनं सांगितलं की उतारवयात हे पुष्कळांचं निघतं, बऱ्याचदा त्यात काही नसतं, कधी असतं. "मैलापूरच्या डॉक्टर तुळजाबाईंना स्लाइड दाखवा. त्यांनी सही केली की आपण पुढे जाऊ." म्हणजे माझ्या बायकोची सुटका दिव्यांच्या दुकानावरच्या एका म्हातारीच्या सहीवर टांगलेली होती.

त्या पहिल्या दिवशी घंटी वाजल्यावर मी रिपोर्ट पुढे सरकवला. "एक्कावन्न टक्के आहेत. चाळीसपर्यंत चालतात म्हणे. अकरा टक्क्यांचा प्रश्न आहे, बाई."

"टक्का बघूं नका. टक्का दुकानांत बघायचा," बाई म्हणाल्या. "एकूण पेशी किती, त्यांत ह्या किती, तो आकडा बघा. चार हजारांच्या आंत पायजे. तुमच्या पांच हजार सहाशें."

मग त्यांनी चौकशी सुरू केली. गेल्या महिन्यात ताप आला होता का? खोकला? नवीन गोळ्या? पोटाचं ऑपरेशन, प्लीहा काढली का? मानेखाली, काखेत, जांघेत गाठी लागतात का, म्हणून स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहिलं. वजन घटलं का, घाम येतो का. मी सगळ्याला नाही म्हणत गेलो.

"सिगरेट?"

"नाही."

मंगल शेजारच्या खुर्चीवर होती. "दिवसाला दहा," ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, लिहून घेतलं. "सिगरेटनंपण ह्या वाढतात. सोडा. तीन महिन्यांनी परत बघूं. उतरल्या तर अस्कं सेरी."

"तीन महिने? ही आठवड्यातून तीनदा मशीनला बांधलेली असते, बाई."

"रक्ताला घाई कळत नाहीं, शिंदेराव. पोरुमै पायजे." पोरुमै म्हणजे धीर. हा शब्द मी पुढे त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला की कारखान्यात कोणी तो उच्चारला तरी माझं डोकं फिरे.

सिगरेट मी त्याच जिन्यावर सोडली. ते सोपं होतं. अवघड होतं ते थांबणं. ज्या माणसाशी घासाघीस करायची तो समोर असला तर मला रस्ता दिसतो. इथे समोर कोणीच नव्हतं. माझंच रक्त, माझ्याच अंगात, आणि ते माझं ऐकत नव्हतं. मंगलला दिवसाला मोजून पाणी. उन्हाळा चेन्नईचा. ती जिभेवर बर्फाचा खडा ठेवून खिडकीशी बसे, आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन पाणी पीत असे, तेसुद्धा आवाज न करता.

तीन महिने भरले तेव्हा मी एक उद्योग केला. सही हातची जाईल या भीतीनं केला, पण केला. बाईंना फोन करून कळवलं की प्लँटवर काम फार आहे, तिथल्याच कंपाउंडरकडे रक्त काढून नळी ड्रायव्हरबरोबर पाठवतो. आणि माझ्या नावाच्या चिठ्ठीखाली आमचा फोरमन सेल्वम याचं रक्त पाठवून दिलं. सेल्वम पंचेचाळीस वर्षांचा, बैलासारखा धट्टाकट्टा. त्याला सांगितलं की सगळ्या कामगारांची तपासणी काढली आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला, समक्ष या. मी गेलो. त्यांनी दोन काचा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

"शिंदेराव, तीन महिन्यांत माणसाचा स्वभाव बदलूं शकतो. रक्त इतकं बदलत नाहीं," त्या म्हणाल्या. "हा मनुष्य तुम्ही नाहींत. तुमच्या पेशी नाजूक आहेत, कांचेवर पसरतांना फुटतात, फुटलेल्यांचे डाग दिसतात. ह्याच्यांत एकपण डाग नाहीं. आणि ॲलर्जीत वाढतात त्या लाल दाण्यांच्या पेशी इतक्या आहेत कीं ह्याला रात्रीं खोकला येत असणार. येतो का?"

सेल्वम रात्रपाळीला खोकतो हे सगळ्या शेडला माहीत होतं.

"त्याला विचारून रक्त घेतलं का?"

"नाही."

"त्याला चांगल्या डॉक्टराकडे न्या. ही चिठ्ठी. आणि आत्तां तुमची बाही वर करा."

इस्पितळाला त्या हे कळवतील म्हणून मी आठवडाभर धास्तावलो होतो. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सेल्वमचा कित्येक वर्षांचा खोकला महिनाभराच्या गोळ्यांनी गेला. त्याच्या बायकोनं केळ्यांचा अख्खा घड माझ्या घरी आणून दिला आणि माझ्या पाया पडली. त्या घडातलं एक केळंसुद्धा मंगलला किडनीच्या पथ्यात चालणार नव्हतं, आणि माझ्या घशाखाली उतरलं नाही.

माझं खरं रक्त आलं, पाच हजार पाचशे. सिगरेट सोडून शंभर उतरल्या होत्या. मग बाईंनी एका मोठ्या लॅबकडे आणखी एक तपासणी पाठवली, पेशींच्या अंगावरच्या खुणा ओळखणारी. तिचा रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाच्या पलीकडे बसवलं. त्यांच्या त्या यंत्राला समोरासमोर दोन जणांना बघता येईल अशी सोय होती.

"ही कुणाची तरी चांगली कांच आहे. व्हायरल तापातून उठलेला मनुष्य. ह्याच्यांतपण लिम्फोसाइट वाढलेल्या आहेत. बघा."

मी पाहिलं. जांभळे ठिपके, काही मोठे, काही लहान, कडा वेड्यावाकड्या. बाजारात जमलेल्या माणसांसारखे.

"आत्तां ही बघा."

दुसऱ्या काचेवर लहान, गोल, गच्च जांभळे दाणे होते. एकाच मापाचे. आतला पोतही तोच, सुकलेल्या चिखलासारखा भेगाळलेला. मधे मधे फुटलेल्यांचे पुसट डाग.

"तुम्ही रबराचा माल काढतां. हा माल बघून काय सांगतां?"

आणि मी बोलून गेलो. चाळीस वर्षांच्या सवयीनं बोलून गेलो. "एकाच साच्यातला आहे. साच्याला कुठे तरी खरचटलं असणार, तो ओरखडा प्रत्येक नगावर उमटलाय. असा लॉट आला तर मी अख्खा बाजूला काढतो."

"सेरी," बाई हळू म्हणाल्या. "ही तुमची कांच आहे."

त्या क्षणाचा राग मी पाच वर्षं बाळगला. दुसऱ्या कोणी माल नापास केला असता तर मी भांडलो असतो, पुन्हा तपासायला लावला असता. या बाईनं तो माझ्याच तोंडून नापास करवून घेतला.

भांडलो नाही असं नाही. त्यांनी समजावून सांगितलं की याला अजून आजार म्हणायचं नाही, रक्ताचा कर्करोग म्हणायचा तर आकडा याहून मोठा लागतो, एका पेशीची भावंडं वाढली आहेत इतकंच. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत ती असतात आणि माणूस दुसऱ्याच कशानं तरी जातो. दर तीन महिन्यांनी मोजत राहायचं. औषध नाही, पथ्य नाही.

"मग घातक नाही ना?" मी तो धागा पकडला. "द्या सही."

"तुमच्या अंगांत घातक नाहीं. तिथें त्यांच्यावर पहारा आहे. मंगलबाईंना किडनी लावल्यावर ती त्यांच्या अंगानं फेकूं नये म्हणून पहाऱ्यालाच गोळ्या देऊन झोंपवणार. किडनीबरोबर ह्यांतल्या थोड्या तिकडे गेल्या तर?"

"जातीलच असं आहे का?"

"नाहीं."

"गेल्या तर वाढतीलच असं आहे का?"

"नाहीं."

"मग अडतंय कुठे, बाई? दोन 'नाही'वर तुम्ही बायकोला मशीनला बांधून ठेवणार?"

त्या काचेवरून नजर न काढता म्हणाल्या, "दोन दिवस द्या मला."

तिसऱ्या दिवशी मी गेलो तर कागद तयार होता. दाता म्हणून अयोग्य. मी आणखी तीन महिने मागितले, दुसरं मत मागितलं, आकडा पावणेचार हजार लिहा म्हणालो, हातसुद्धा जोडले. त्या फक्त मान हलवत राहिल्या. शेवटी माझा तोल गेला. "तुम्हांला नवरा नाही, लेकरू नाही, तुम्हांला काय कळणार एखाद्याला घरी बांधून पडलेलं बघणं." गोविंदन दारात येऊन उभे राहिले. बाईंनी सूक्ष्मदर्शकावर कापडी खोळ घातली, तिच्या नाड्या नीट बांधल्या, आणि म्हणाल्या, "सेरी. तीन महिन्यांनी रक्त द्यायला या. गुरुवारीं या, त्या दिवशीं मंगलबाईंचं मशीन नसतं."

त्या कागदानंतर इतर दोन इस्पितळांनीही मला उभं केलं नाही. मंगलचं नाव सरकारी यादीत गेलं, मेंदू मेलेल्या माणसाची किडनी मिळण्याच्या यादीत. एकदा बोलावणंही आलं. बॅग भरून गेलो, दिवसभर बाकावर बसलो, आणि किडनी दुसऱ्याला जास्त जुळली. परत येताना मंगल म्हणाली, "बरं झालं, नवीन नाइटी तरी घेतली गेली." आम्ही कुठे जाऊ शकत नव्हतो. पुण्याला नातवाच्या वाढदिवसाला जायचं तर तिथे सेंटर शोधा, जागा मिळवा. कराडकडचं गाव तर विसरलोच. वेलचेरीत पाणी तुंबलं की इतर लोक गाड्यांची काळजी करत, मी सेंटरपर्यंतचा रस्ता बघत असे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. या तीन दिवसांच्या भिंती, आणि मधल्या फटींत आमचा संसार.

आणि माझी किडनी माझ्याजवळ ठणठणीत.

दर तीन महिन्यांनी गुरुवारी मी मैलापूरला जात होतो. रक्त तपासायला जातो असं मंगलला सांगत असे. खरं म्हणजे भांडायला जात होतो. "बघा, पाच हजार सहाशे. वाढल्या का? नाही. काय बिघडलं असतं?" दर वेळी हेच. बाई घंटी वाजेपर्यंत मोजत, मग गोविंदनना कॉफी आणायला सांगत. कधी मला कारखान्याबद्दल विचारत, रबर किती तापवतात, साचा किती वर्षं टिकतो. एकदा म्हणाल्या, "तुम्ही मालाकडे जसं बघतां तसं आमचे नवे डॉक्टर कांचेकडे बघत नाहींत." मी म्हणालो, "गोड बोलून राग जाणार नाही माझा." त्या म्हणाल्या, "जाऊं नये. तुमचं रक्त त्यावरच फिरतंय." माझ्या भाच्यानं मला फसवून त्याच्या नावावर ऑर्डर वळवली, तेव्हा ती गोष्ट मी घरात सांगण्याआधी बाईंना सांगितली. कोणावर इतका राग असताना मी त्यांच्याकडे इतकं बोलत कसा होतो, हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही.

गेल्या वर्षी एका गुरुवारी गेलो तर सूक्ष्मदर्शकाशी गोविंदन बसले होते आणि बाई बाजूच्या खुर्चीवर.

"डोळ्यांच्या मधोमध डाग आलाय," त्या म्हणाल्या. "कडेचं दिसतंय, बघायचं तेवढं दिसत नाहीं. मागल्या महिन्यांत मी मोजलेलं आणि गोविंदननं मोजलेलं जुळलं नाहीं. तो बरोबर होता. त्याच दिवशीं सही थांबवली." धाकट्या बहिणीकडे तंजावरला जाणार होत्या. लॅब बंद होणार होती.

एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या बाईला निरोप द्यायचा सोडून मी माझंच काढलं. म्हणालो, "जाण्याआधी एकदा खरं सांगा. तेव्हा दिली असती किडनी, तर काय झालं असतं?"

बाईंनी थोडाही वेळ घेतला नाही. "बहुतकरून कांहीं झालं नसतं."

माझे कान तापले. "पाच वर्षांनी हे सांगता? मग सही का नाही केलीत?"

"तें मी सांगूं शकत नाहीं. शब्द दिलेला आहे. मंगलबाईंना विचारा."

मी कॉफी तशीच टाकून जिना उतरलो. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी सेंटरकडे जाताना गाडीत मंगलला विचारलं. ती समोरच्या बसकडे बघत होती.

"त्या सेंटरवर आल्या होत्या," ती म्हणाली. "कागद द्यायच्या आदल्या दिवशी. तुम्ही मला सोडून प्लँटवर गेला होतात. रिक्षा करून आल्या, काठी टेकत. मला सगळं समजावून सांगितलं. म्हणाल्या, मंगलबाई, धोका थोडा आहे, पण तो तुमच्या अंगाला आहे, तेव्हा हो की नाही ते तुम्ही सांगायचं. हवी असेल तर मी सही करते."

"मग?"

"मी नको म्हटलं."

पुढे सिग्नल होता. मी ब्रेक दाबला. "त्या पेशींना घाबरलीस?"

"पेशींना नाही." मंगल कधी आवाज चढवत नाही. "तुम्ही कोणाला काही दिलेलं विसरता का? भाच्याला दिलेली पहिली नोकरी तुम्ही त्याच्या लग्नातसुद्धा काढलीत. माझ्या भावाला दिलेली स्कूटर अजून काढता. मी ती किडनी घेऊन तुमच्या घरात कशी राहिले असते? भाजीत मीठ कमी पडलं असतं तरी ती बाहेर आली असती. त्यापेक्षा मला मशीन बरं वाटलं. मशीन बोलत नाही."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या होत्या.

"आणि मी नको म्हटलेलं कळलं असतं तर तेही ऐकवलं असतंत," ती म्हणाली. "म्हणून बाईंना विनवलं, बाई, हा नकार तुमच्या नावावर घ्या."

मी तिला सेंटरवर सोडलं. प्लँटवर गेलो, सहा नंबरच्या प्रेसशी उभा राहिलो, आणि सेल्वमनं दोनदा काही विचारलं ते मला ऐकू आलं नाही. तिच्या बोलण्यातलं एक वाक्य तरी खोटं पाडता येईल म्हणून दिवसभर शोधत होतो.

चार-पाच दिवसांनी तंजावरचा फोन लावला. "बाई, मंगलनं सांगितलं."

पलीकडून आवाज आला, "सेरी. आत्तां कुणाशीं भांडणार, शिंदेराव?"

"तुमच्याशीच."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना फारसं ऐकलेलं नव्हतं. "मग गुरुवारीं फोन करा. बाकीचे दिवस बहीण मला पोथी वाचून दाखवते, त्यापेक्षां बरं."

दर गुरुवारी फोन करू लागलो. माफी मागायची म्हणून करत असे आणि दर वेळी कशावरून तरी वाद घालून ठेवत असे. त्या दिवशी नवऱ्या-लेकराबद्दल बोललो होतो, तेवढं एकदा कसंबसं काढलं. त्या म्हणाल्या, "खरंच होतं कीं. मला तें कळत नव्हतं, म्हणूनच जाऊन विचारलं." प्रत्येक फोनच्या शेवटी त्यांचा एकच प्रश्न असे, रक्त दिलं का? मी म्हणे, पुढच्या आठवड्यात. गोविंदननी दुसरी लॅब सुचवली होती, मी गेलो नव्हतो. कोणाकडे जायचं आणि कशाला, असं वाटे. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे नऊ.

मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या, एका गुरुवारी फोन बहिणीनं उचलला. "अक्का सोमवारीं गेली," ती म्हणाली. "झोंपेंत. तुमचा फोन येईल म्हणून मी जवळ घेऊन बसलें होतें."

दुसऱ्या दिवशी मंगलला सेंटरवर सोडून मी परत फिरलो नाही. तिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलो. नर्सनं दोन्ही सुया लावल्या, नळ्या लाल झाल्या.

"प्लँटवर नाही जायचं?" मंगलनं विचारलं.

"नाही."

ती मशीनकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मी बाईंना म्हटलं होतं, हे फार भांडतील हो तुमच्याशी, तुम्हांला सोसवेल का? तर म्हणाल्या, भांडूं द्यात. भांडायला तरी दर तीन महिन्यांनीं येतील. नाहीं तर हा मनुष्य स्वतःचं रक्त दाखवायला कुठें जाणार नाहीं."

तिचे अजून तीन तास बाकी होते. सेंटरच्या खालच्या मजल्यावर रक्त तपासणीची खिडकी आहे, तिच्यासमोरून मी वर्षानुवर्षं जात-येत होतो. मी उठलो. मंगलनं कुठे म्हणून विचारलं नाही.

खिडकीतल्या बाईनं वय विचारलं, तपासणी कोणती ते विचारलं. मग पेन टेकवून म्हणाली, "डॉक्टरांचं नाव?"

मी तुळजाबाईंचं नाव सांगितलं. तिला ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून एकेक अक्षर करून पुन्हा सांगितलं, आणि बाही वर केली.